अधिक-उणे

मेहुणा : ...आणि हा? याचं डोकं बघा, दाजी.

दाजी : फुगलंय. निवृत्तीनंतर पोट सुटलेलं पाहिलंय मी, आरशात रोज पाहतो. डोकं फुगलेलं पहिल्यांदाच बघतोय.

मेहुणा : थट्टा नंतर. कपॅसिटरचं डोकं सपाट असलं तर बरं. फुगलं किंवा बुडाशी चिकट ओघळ आला, की समजायचं, गेला.

दाजी : आणि वरून धडधाकट, पण आतून सुकलेला असेल तर?

मेहुणा : त्यासाठीच हे मीटर.

दाजी : सकाळी मी मीटर लावून सगळे तपासले. एकूण एक मेलेले निघाले. मन अगदी खट्टू झालं. मग लक्षात आलं, मीटरच चालू केलं नव्हतं.

मेहुणा : धन्य आहे तुमची. टीव्ही दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण इतका जुना मदरबोर्ड कुणी आणला नाही. त्यापेक्षा ताईला नवा कॉम्प्युटर आणा ना.

दाजी : हळू बोल, पलीकडच्या खोलीत जागीच आहे ती. नव्यावर तिचा बेडूक कुठे उड्या मारणार?

मेहुणा : बेडूक! ताईनं रात्रंदिवस बसून लिहिलेला तो खेळ? मी शाळेत होतो तेव्हा. माझा बेडूक कायम बुडायचा.

दाजी : डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, आता चाला. पण न्हाणीघरात पडली तेव्हापासून तिचा जमिनीवरचा विश्वासच उडालाय. काठी धरूनसुद्धा उंबऱ्यापर्यंत येत नाही. समजावलं, रागावलो, शेवटी तिच्यासमोर स्वतः व्यायाम करून दाखवला.

मेहुणा : मग?

दाजी : माझी कंबर धरली. एका खाटेवर ती, दुसऱ्या खाटेवर मी. तेव्हा हसली ती. तेवढंच.

मेहुणा : म्हणून हा उद्योग?

दाजी : परवा विचारलं तिनं, "आता असंच का हो?" मग माळ्यावर चढलो नि हा खाली काढला. चालू झाला की इथून हाक मारायची. टेबल मुद्दाम या खोलीत मांडलंय.

मेहुणा : ...बरं. हा मोठा नवा दिसतोय. तुम्ही बदललात?

दाजी : तो एकच. सोल्डरचा पहिला डाग टेबलाला दिला, दुसरा अंगठ्याला, तिसरा कसाबसा बोर्डला.

मेहुणा : आणि हा फुगलेला आता मी बदलतो. ...झालं. बाकीचे मीटरवर ठीक दिसताहेत. टीव्हीला जोडलंय ना? मग दाबा बटण.

दाजी : थांब, चष्मा पुसतो. ...हं, दाबलं.

मेहुणा : लागला! दाजी, पडदा निळा झाला! तो बघा, चौकोन लुकलुकतोय!

दाजी : अगं ए! ऐकलंस का? जरा इकडे—

(फट्ट! पडदा काळा. धूर.)

मेहुणा : प्लग ओढा! अहो, तो पंख्याचा!

दाजी : तरीच वारा थांबला.

मेहुणा : सरका, मी काढतो. ...काढला.

दाजी : गेलं. होतं तेवढंही घालवलं मी. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?

ताई : याच तोंडानं सांगा. पुसा आधी, काजळी लागलीय.

मेहुणा : ताई!

ताई : काय हा वास! घर पेटवताय की काय दोघं मिळून? ...अगं बाई, हा तर माझा कॉम्प्युटर.

दाजी : होता.

ताई : बाजूला व्हा. भिंग द्या इकडे. ...हा फुटलेला कुणी बसवला होता?

मेहुणा : मी नाही.

दाजी : मीच तो विद्वान.

ताई : याच्या अंगावरची पांढरी पट्टी उण्याकडे यायला हवी. तुम्ही उलटा बसवलात. बोर्डवर अधिकची खूण छापलीय, एवढी ठसठशीत.

दाजी : जन्मभर पोरांना नकाशात उत्तर-दक्षिण शिकवली मी. ती पोरं आता कुठल्या कुठे पोचली असतील, देव जाणे.

ताई : पुरे. बोर्ड जळलेला दिसत नाही, फक्त हाच फुटलाय. दुसरा आहे का रे?

मेहुणा : आहे ना. पण ताई, तू अशी...

दाजी : गप रे. कपॅसिटर दे तिला.

ताई : काय झालं? काय खाणाखुणा चालल्यात?

मेहुणा : काही नाही. तुझी काठी पलीकडेच राहिली.

ताई : ...हो की.

दाजी : खुर्ची आणतो. बस.

ताई : नको, उभ्यानंच नीट दिसतंय. तुम्ही फक्त कोपराला हात लावून ठेवा. घट्ट नको, नुसता असू दे.