चोरीस न गेलेल्या स्टॅबिलायझरबाबत

मी, व्हर्लिन टॉस्ट्रूड, वय ४९ वर्षे, व्यवसाय लाकडाच्या गिरणीत नोकरी, राहणार एल्डर क्रीक, विस्कॉन्सिन, समक्ष हजर राहून सांगतो की,

मी पत्नी लोरेटा हिच्यासह वरील ठिकाणी राहतो. रविवारी चर्चमध्ये बायबलचा पाठ वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. कर्टिस वोयान हा शिक्षा भोगून देखरेखीवर सुटलेला असून आमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो. त्याला बंदूक बाळगायची मनाई आहे, म्हणून तो धनुष्याने शिकार करतो.

हंगामाआधी मी व कर्टिस स्टॅबिलायझर घेण्यासाठी दुकानात गेलो. ही धनुष्याच्या पुढे पेचाने बसवायची वजनदार दांडी असते. तिने नेम धरताना हात डुलत नाही. मी सर्वांत लांब दांडी निवडली.

कर्टिस म्हणाला, "दाजी, ही मैदानातल्या नेमबाजांची. मचाणावर काय कपडे वाळत घालणार हिच्यावर? वीतभर घ्या, पुरते."

मी म्हणालो, "तुरुंगात हेही शिकवतात वाटतं?"

दुकानातले लोक हसले. कर्टिसही हसला. मी लांब दांडीच घेतली.

पुढच्या गुरुवारी मी मचाणावर बसलो असताना हरणाचा एक मोठा नर टप्प्यात आला. धनुष्य वळवताना दांडी मचाणाच्या लोखंडी कठड्यावर आपटली व हरीण पळाले. मी दांडी काढली आणि मचाणाला टांगलेल्या पिशवीत टाकली. त्या पिशवीत हरणांना बोलावण्यासाठी एकमेकांवर आपटायची शिंगे असतात. नंतर कर्टिस मला न्यायला आला. मी धनुष्य दोरीने खाली सोडले, ते त्याने धरले. म्हणाला, "काही दिसलं का, दाजी?" मी नाही म्हणालो.

शनिवारी धनुष्यावर दांडी दिसली नाही. ती मीच काढल्याचे मला आठवले नाही. कर्टिसवर संशय घेऊन मी याच ठाण्यात तक्रार दिली. तक्रार झाली की देखरेखीवरच्या माणसाला चौकशी होईपर्यंत आत ठेवतात व त्याची राहिलेली शिक्षा पुन्हा लागू शकते, हे मला माहीत होते. त्याला आमच्या अंगणातून नेले. जाताना तो लोरेटाला म्हणाला, "ताई, चुलीवरचं बघ, करपेल."

रविवारी सकाळी शिंगे आणायला मचाणावर गेलो असता दांडी पिशवीत मिळाली. त्यानंतर मी चर्चमध्ये गेलो व नेहमीप्रमाणे पाठ वाचला. आज बुधवार आहे. मधल्या दिवसांत का आलो नाही असे विचारल्यावरून सांगतो की, गिरणी चालू होती. गिरणी दुपारी सुटते. लोरेटा रोज कर्टिसचे ताट मांडते.

दांडी सोबत आणून हजर केली आहे. माझी कोणतीही वस्तू चोरीस गेलेली नाही. कर्टिसला आजच सोडावे, अशी विनंती आहे. त्याला घरी नेण्यासाठी गाडीत लोरेटा बसली आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला; तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. शनिवारची तक्रारही माझ्या विनंतीवरून वाचून दाखवली. तिच्यात मी कर्टिसचा उल्लेख 'ओळखीचा एक इसम' असा केला होता. त्या जागी 'माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ' असे लिहून घ्यावे.

व्हर्लिन टॉस्ट्रूड