एकाच चावीवर घेतलेल्या लाल गाडीबाबत सटवा कोकरे यांचा जबाब

मी सटवा आसाराम कोकरे, वय ५४ वर्षे, धंदा मेंढपाळ व शेती, राहणार उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, कोणाचा दबाव नसताना, खालीलप्रमाणे सांगतो.

मी वरील पत्त्यावर पत्नी साखराबाई व मुलगी योगिता यांच्यासह राहतो. योगिता, वय २६, गेवराईला विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर आहे. काल दुपारी आमच्या दारातून तिची लाल रंगाची गाडी चोरीस गेली.

गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. दिसायला लहान, परंतु इंजिनाला टर्बो असल्याने ॲक्सिलेटर दाबला की पाठ सीटला चिकटते. असली गाडी कशाला, असे मी योगिताला विचारले होते. ती म्हणाली, "आबा, मला गाडी पळवायला आवडतं. दुसरं काय बी कारण न्हाई." उत्तर सरळ होते, म्हणून मी गाडी पाहायला तयार झालो.

गाडी पाहण्यासाठी आम्ही दोघे मागील महिन्यात दिंद्रुड येथे बंकट यांच्याकडे गेलो. ते जुन्या गाड्यांचा व्यापार करतात. गेल्यागेल्या योगिताने बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते. ती म्हणाली, "इंजिन थंड होऊ द्या, मग बघू." बंकट म्हणाले, "ताई, आत्ताच धुवून आणली. कावून येळ घालवता?" ती समोरच्या रसवंतीत जाऊन बसली. मी वैतागलो, तरी मनातून बरे वाटले. बैलसुद्धा पळवून आणलेला पाहायचा नसतो, अंग मोकळे झाले की त्याचे लंगडणे दिसत नाही. मी जन्मभर जनावरांचे बाजार केले आहेत, पण ही गोष्ट मी तिला कधी शिकवली नव्हती.

इंजिन थंड झाल्यावर तिने गाडी चालू करवली व स्वतः मागे उभी राहून धूर पाहिला. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते, असे तिने मला सांगितले. तसा धूर आला नाही. मग गाडीला आधी अपघात झाला होता का हे कळावे म्हणून दारांचे रबर ओढून आतला पत्रा पाहिला, आणि बॉनेटच्या कोणत्या बोल्टचा रंग खरवडला आहे तेही मोबाइलच्या उजेडात शोधले. पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले होते, त्यावरून तिने बंकट यांना बरेच छळले. चेसिस नंबर कागदाशी ताडला. बँकेचा बोजा नसल्याची खात्री केली. जोर वाढवण्यासाठी इंजिनात काही फेरफार केले का, असे विचारल्यावर बंकट यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. योगिता म्हणाली, "शपथ नको, सर्व्हिसची बिलं दाखवा." बिले दाखवली.

त्यानंतर तिने माजलगाव रोडला गाडी चालवून पाहिली. मी दारावरचे हँडल धरून बसलो होतो. ती हसत होती. तिला तसे हसताना पाहून मला फार बरे वाटले, परंतु तसे मी तिला बोललो नाही.

येथून पुढचे काम माझे, असे मी सांगितले. जनावरांच्या बाजारात करतात तसे हातावर रुमाल टाकून, खाली बोटे धरून आम्ही भाव ठरवला. बंकट यांना ती रीत येत होती, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पैसे सगळे योगिताने तिच्या खात्यातून दिले.

बंकट यांनी एकच चावी दिली. योगिताने दुसरी मागितली. तेव्हा ते तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, "नाना, बैल इकल्यावर दावं देता का तुमी? एक चावी आमच्या घरी राहू द्या, लक्ष्मी म्हणून." आमच्यात जनावर विकले तरी त्याचे दावे विकणाऱ्याकडेच राहते. दावे दिले तर गोठ्याची बरकत जाते, असे मानतात. घेणारा आपले नवे दावे आणतो. त्यामुळे मला ते पटले. योगिता म्हणाली, "आबा, नुसत्या दाव्यानं बैल चोरता येत न्हाई. चावीनं गाडी जाती."

तेथे चार माणसे उभी होती. मी तिला म्हणालो, "तू गप बस. येव्हारात पोरीबाळींनी तोंड घालू न्हाई." तिने ती एकच चावी घेतली. परत येताना गाडी तिनेच चालवली, पण माजलगाव रोडला हसली तशी हसली नाही. गाडी तिच्या नावावर झाल्यावर, दुसरी चावी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर बंद करून घेते, म्हणजे त्या चावीने गाडी चालू होणार नाही, असे ती म्हणाली होती. बंकटला कळले तर त्याला काय वाटेल, असे म्हणून तेही मी करू दिले नाही.

काल दुपारी योगिता रात्रपाळी करून झोपली होती. मी मेंढरांकडे होतो. शेजारी म्हाळू यांनी टोपी घातलेला अनोळखी इसम चावीने दार उघडून गाडीत बसताना पाहिला. पाहुणा असेल असे त्यांना वाटले. गाडी शेवगावच्या दिशेने गेली. दारात काच पडलेली नाही. योगिताची चावी तिच्या उशाशीच होती. बंकट यांचा फोन तेव्हापासून बंद आहे. माझा संशय त्यांच्यावर आहे.

गावात लोक म्हणतात की पोरीने हट्टाने गाडी घेतली, तिला व्यवहार कळत नाही, म्हणून फसली. हे साफ खोटे आहे. फसलो मी, आणि ते सरकारी कागदावर यावे असे मला वाटते. साखराबाई म्हणाली, "तुमच्या मोठेपणापायी लेकराची गाडी गेली." योगिता मला काहीच बोललेली नाही. तिने भांडावे, असे मला वाटते. हे गप्प राहणे मला सोसत नाही.

साहेबांनी गाडीची खूण विचारली. लाल रंगाशिवाय मला काही सांगता येत नाही. नंबर, टायर, खरवडलेला बोल्ट, सगळे तिला पाठ आहे. गाडी तिच्या नावावर असताना तिला का आणले नाही, असेही साहेबांनी विचारले. ती आली आहे. बाहेर गेटजवळ उन्हात उभी आहे. बाईमाणसाने ठाण्याची पायरी चढू नये, मी बोलतो, असे मीच तिला सांगितले. आता माझी विनंती आहे की तिला आत बोलवावे, बसायला खुर्ची द्यावी आणि तक्रार तिच्या नावाने घ्यावी. ती सांगेल तोवर मी बाहेर थांबतो.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला असून खरा आहे, म्हणून खाली सही करतो.

सही
सटवा आसाराम कोकरे