धनराजच्या व्हॅनची पिवळी लाईट

...आन् पुन्हा तेच! गॅरेजातली मशीन म्हणे पंप खराब, पंप बदलला. मंग म्हणे हवेचा सेन्सर, तोही बदलला. आता बदलाले उरलं काय, डायवर? तुमाले सांगतो, आमच्या सिंदेवाहीकडच्या धनराजची ते डिझेल व्हॅन, दोन हजार आठातली, काम्पुटरवाली... तिनं त्या मानसाले पार येडं करून सोडलं होतं!

तळ्यावरच्या ढिवरायची सारी मच्छी त्याच्याच गाडीत. सकाळी मीठ मारून बर्फ टाकला, क्रेट रचले, निंघाला चंद्रपूरले, का मूलच्या पुढच्या जंगलात मीटरातली पिवळी लाईट टिक्कन लागे आन् गाडी बैलबंडीवानी चाले! बाजारात पोचेपर्यंत बर्फाचं पानी, मच्छीचा वास, आन् व्यापारी नाक दाबून, "ने वापस!"

येताना मूलले पोचू मेस्त्रीचं गॅरेज. पोचू मशीनची वायर लावे, डबा टुकटुक करे, खराबीचा नंबर दिसे. "पंपाचा कोड हाय, भाऊ. मशीन खोटी बोलत नाई." पंप बदलला, लाईट गेली, रिकामी गाडी हरनावानी पळाली! दुसऱ्या फेरीले त्याच जंगलात... टिक्कन! "आता हवेच्या सेन्सरचा हाय. मशीन खोटी बोलत नाई."

बरं, मशीन खोटी बोलत नाई, मंग खोटं बोलते कोन? गावानं लावला ना अंदाज, का धनराजच वाटंत दारू पेत बसते! सुगंधाबाई, तळ्यावरची सगळ्यात जुनी ढिवरीन, चारचौघात म्हणे, "गॅरेजात चांगली, गावात चांगली, आन् आमची मच्छी बसली का बिमार? आमचाच वास येते काय रे तुह्या गाडीले?" लोकं हसले. धनराज नाई हसला. घरी बायको, रीता, तेही हळूच इचारे, "खरं सांगा, वाटंत कुठी थांबता काय?" आता याले कोनता डबा लावाचा, सांगा! ताट तसंच ठेवून उठला बिचारा.

पन सुगंधाबाईचं बोलनं डोक्यात घुसून बसलं. खरंच तं हाय... मच्छी असली तवाच लागते! गेला पोचूकडं. "मशीन घेऊन बस गाडीत, मच्छीसंगं."

"मी? शनिवार हाय ना माह्या!"

"खाले नाई सांगून राह्यलो, बसाले सांगून राह्यलो!"

बसला, नाकाले रुमाल बांधून. जंगल आलं, टिक्कन! पोचूनं डबा लावला तं एक नाई, दोन नाई, चार कोड संगंच! "अरे, सारेच एका टायमाले कसे मरतीन?" घुसला गाडीखाली. वरून बर्फाचं खारं पानी टिपटिप टिपटिप एकाच बोल्टावर, आन् त्याच बोल्टाले साऱ्या काम्पुटरची अर्थिंगची वायर कसलेली. गंजून पार भुगा! पोचू बाहेर आला, हात पुसत उभा राह्यला. "मशीन खोटी बोलत नाई, भाऊ. पन ते रडनाऱ्याचं नाव सांगते. मारनाऱ्याचं नाई."

धनराज रस्त्याच्या कडेले बसला तं उठेच ना. आपन दारू पेत नाई, वाटंत थांबत नाई, हे एका गंजलेल्या बोल्टानं सांगावं लागलं? घरच्या मानसाले दिसू नाई?

बोल्ट घासला, कसला, क्रेटायखाली पत्रा आन् पाइप बसवला. मच्छी बाजारात ताजी पोचली. सुगंधाबाईनं एक जबर मरळ आनून त्याच्या हातावर ठेवली. रीता म्हणे, "रस्सा करतो. बसा."

आता लाईट लागत नाई. पन सवय ना! रस्ता सोडून त्या मीटरच्या काचेवरच नजर... मांगच्या सोमवारी उभ्या सागाच्या झाडाले भिडला! बंपर गेला, दिवा फुटला, गाडीचं तोंड चपटं. पोचूनं आदी डबाच लावला. म्हणे, "गाडीत काईच खराबी नाई, भाऊ."

धनराज म्हणे, "बरं हाय."