रकान्यातला कारकून

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कोणाचं म्हणाल तर अक्काचं, सुमनअक्का, माझी थोरली बहीण, तिचं नाव आधी लिहून घ्या, मग माझं. आमचं गाव पाचोऱ्याकडचं. आईवडील दोघंही लागोपाठ गेले तेव्हा मी बालवाडीत होतो आणि अक्का सातवीत, तिचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच, माझं चालू राहिलं. दिवसभर लोकांच्या शेतात कापूस वेचायचा, गाठोडं डोक्यावर घेऊन वजनकाट्यापर्यंत आणायचं, आणि संध्याकाळी मला विचारायचं, आज काय शिकला. मी बीए झालो तो तिच्या मानेवर झालो, काय सांगू तुम्हाला.

मग जळगावला डाळ मिलमध्ये लागलो. गोदामात आलेल्या मालाची नोंद ठेवायची, टेबल होतं, खुर्ची होती, मी लगेच अक्काला पत्र टाकलं की कारकून झालो आणि तिने गावभर साखर वाटली. ते पत्र खोटं नव्हतं हो. पण दोन महिन्यांनी त्या खुर्चीवर मालकांच्या नात्यातलं कोणी आलं, मुकादम म्हणाला जागा होईपर्यंत पोती उचल, आणि जागा झालीच नाही, सोळा वर्षं झाली नाही. हमाल लोक मला बीएच म्हणायचे. ए बीए, हे पोतं जरा इंग्रजीत उचल. मीही हसायचो. चांगले लोक होते, पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते त्यांनीच शिकवलं, मान खाली, दम धरून, फळीवर पाय सपाट.

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या खोलीतून निघताना इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मिलमध्ये गेलं की बनियन. गावी जातानाही पेन. बायको म्हणायची सांगून टाका ना अक्कांना, मी म्हणायचो पुढच्या दिवाळीला. आणि दिवाळीत भाऊबीजेला अक्का तेलाची वाटी घेऊन बसायची, ये रे, डोकं-मान चोळून देते, लहानपणापासूनची रीत, आणि मी म्हणायचो राहू दे, मी काय आता लहान आहे. मानेखाली पोत्यांनी घट्टा पडलेला, तिच्या हाताला लागला असता.

मागच्या वर्षी पोत्यांची थप्पी अंगावर आली. मणका गेला. आता वॉकर धरून मोरीपर्यंत जातो, पट्टा बांधून बसता येतं, पण वजन उचलणं संपलं. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज मीच भरला, अक्षर चांगलं आहे माझं. पण अक्का गावाहून आलेली, शेजारी बसून चष्म्यातून बघत होती मी काय लिहितो. हुद्द्याच्या रकान्याशी हात थांबला, आणि मी लिहिलं, गोदाम कारकून. तपासणीला डॉक्टरांनी विचारलं दिवसभर काय काम करायचात, तर माझ्याआधी अक्काच बोलली, मना भाऊ कारकून शे साहेब, बठ्ठं लिखानं काम तोच करस. त्यांनी जबाब लिहून तिची सही घेतली. मी गप्प बसलो. सही किती जपून केली तिने.

महिन्याने कागद आला, अर्जदार बसून करायचं काम करू शकतो, सबब अर्ज नामंजूर. त्यांचं तरी काय चुकलं, सांगा.

कार्यालयातल्या मॅडमना मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊ, हुद्दा सोडा, हातपाय काय करत होते ते लिहा, किती वजन, किती वेळा, किती तास उभे, किती वेळ बसून, फुगवू नका आणि लाजून कमीही करू नका. मुकादमाचं पत्र जोडा. पण बहिणीचा जबाब आड येतोय, तो तिलाच येऊन बदलावा लागेल.

मुकादमाने पत्र दिलं. नवा अर्ज अर्ध्या तासात झाला, अक्काला पत्र लिहायला चार दिवस लागले. फोन आहे तिच्याकडे, पण फोनवर ती आधी बोलेल आणि मी परत गप्प बसेन. परवा टाकलं. नक्कल ठेवलीय, तेवढी जशीच्या तशी उतरवून घ्या.

तीर्थरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

मी कारकून दोनच महिने होतो. त्यानंतर सोळा वर्षं मी हमाली केली. पन्नास किलोचं पोतं ट्रकवरून पाठीवर घ्यायचं, फळीने चढून थप्पीवर टाकायचं, दिवसातून दीडशे-दोनशे वेळा. बसायचं फक्त जेवणापुरतं. अर्जातही हेच लिहिलंय, एक शब्द कमी-जास्त नाही.

तू गाठोडी उचललीस ती मला उचलावी लागू नयेत म्हणून. ते ठाऊक होतं म्हणूनच बोललो नाही.

जबाब बदलायला तुला जळगावला यावं लागेल. साहेबांसमोर म्हणावं लागेल की माझा भाऊ हमाल होता. जमतं का बघ. नाही जमलं तरी मी रागावणार नाही.

आलीस तर तेलाची वाटी काढून ठेवतो. मानेखाली घट्टा आहे, हाताला लागेल. घाबरू नकोस, तिथे आता दुखत नाही.

तुझा,
रमेश