दोन र

(तालुक्याच्या कॉलेजातलं ग्रंथालय. आत सहाय्यकाच्या जागेसाठी मुलाखती सुरू. बाहेर बाकावर समीक्षा. शेजारी तिचे वडील बकाराम, तिथलेच शिपाई, हातात पाण्याचा ट्रे.)

समीक्षा : लाय-बरी. पाहा, पुन्हा तसंच आलं.

बकाराम : हळू बोल. दोन र हायेत. दोन्ही म्हनावं लागते.

समीक्षा : लाय-ब्र-री. इथं येते नीट, आत जीभ अडकली त?

बकाराम : माह्यानंच झालं. लहानपनी तुले मीच शिकवलं, लायबरी.

समीक्षा : तुमी त पुस्तकाची खोली म्हणता.

बकाराम : आता म्हनतो. बारा वर्स झाले, साहेबानं पोरापोरींसमोर मले तीनदा म्हनायले लावलं. सारे हासले. तवापासून तो शब्द तोंडात नाई घेतला. तोच साहेब आत बसला हाय.

समीक्षा : तोच? आधी काऊन नाही सांगितलं?

बकाराम : भेशील म्हनून. तो अर्थ इचारन. काय सांगशील?

समीक्षा : ग्रंथालय. पुस्तकं ठेवायची खोली, इमारत. आणि नुसत्या संग्रहालाही लायब्ररीच म्हणतात. घरच्या फळीवर असला तरी.

बकाराम : आपल्या पेटीतल्या पुस्तकांचा बी?

समीक्षा : तोही.

बकाराम : ते नको सांगू. पेटी कोनाची, बाप काय करते, इचारतील. धान मिलवाल्या गुलाबचंदचा भाचा बी याच जागेसाठी आत हाय. शिपायाची पोरगी लागली म्हनून समजलं, त वशिला म्हनून बोंब करतील. जागा गेली मंग.

समीक्षा : अर्जावर नाव आहे ना. समीक्षा बकाराम मेश्राम.

बकाराम : मेश्राम गावोगाव हायेत. अन् बकाराम कोन, हे त्या साहेबाले काय माहीत. वीस वर्स झाले, 'ए पाणी' म्हनते मले.

समीक्षा : वीस वर्षं?

बकाराम : जाऊ दे. मी पानी घेऊन आलो, त वर पाहू नको. ग्लास घे, बसून राह्य.

समीक्षा : घरी तुमी आले का मी बसून राहते?

बकाराम : हे घर नाई.

समीक्षा : मले नाही जमत, बाबा. मी उठीन.

बकाराम : भाचा बाहेर आला. तुह्यं नाव घेऊन राहिले. जाय.

समीक्षा : जाते. तुमी पाणी आणा.

बकाराम : उठू नको, बाई. ट्रे पडन माह्या हातचा.