जाबाच्या अकरा पेट्या

—नाही नाही, उठू नकोस, बस. बाटली ठेव ती खाली. तुला नीट शिकवून पाठवलंय म्हणायचं, गाडीच्या आदल्या दिवशी यायचं, बाजाराच्या राणीपुढे, म्हणजे माझ्यापुढे, बाटली ठेवायची, नजर खाली. छान. तुझ्याआधी आलेल्या त्या योरिसला हे कुणी शिकवलं नव्हतं—म्हणजे सांगितलं असेल, त्यानं ऐकलं नसेल. तुम्ही लोक समुद्र ओलांडून मदत करायला येता, ऐकायला थोडेच येता! राग नको मानूस, मी सगळ्यांशी अशीच बोलते, विचार बाहेर. केन्के खाणार, मक्याचं? नको? बरं. तर तुझं म्हणणं, जाबाच्या मुलीला, ताचिवाला, माझ्या बाजारात टोमॅटो उतरवायला पाळी हवी. पाळी मिळणार नाही, पोरी. या हंगामात नाही, पुढच्यातही नाही.

असं बघू नकोस. तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला—बाजार काय हिच्या बापाचा आहे? योरिसही तेच म्हणाला, चांगला मोठ्यानं, सगळं घडून गेल्यावर, या दारात उभा राहून. बापाचा नाही गं, पण दिवसाला आठ गाड्या उतरतात त्या कुणामुळे? माझ्यामुळे. नववी आली की दुपारपर्यंत माल मातीमोल, आणि माझ्या चाळीस बाया रिकाम्या हातानं घरी. त्यांच्यातली एखादी मेली तर शवपेटी कोण आणतं? तुझी संस्था? मी आणते. तेचिमान शहरातले बडे व्यापारी टपून बसलेत, एकदा मी मान खाली घातली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या पंधरा गाड्या दारात. म्हणून नियम. नियम मोडला त्याच्या मालाला कुणी हात लावायचा नाही. हमाल बाईनं नाही, गिऱ्हाइकानं नाही. लावला तर तिचीही जागा गेली.

आणि दोन वर्षांपूर्वी ती गाडी आली ना योरिसची, मला न विचारता, बारा शेतकरी घेऊन, त्यात खरी गंमत—गंमत कसली म्हणा. त्या बाराही शेतकऱ्यांना नियम माहीत होता. लहानपणापासून माहीत! पण त्यांना वाटलं, पोरगा आपला म्होरक्या होऊन निघालाय, म्हणजे राणीकडे जाऊन आलाच असणार. न विचारता म्हाताऱ्या माणसाला कुणी कुणाच्या दारात नेऊन उभं करतं का? आणि विचारायचं तरी कसं, तो एवढा लांबून आलेला, त्याचा अपमान नको. अशी ती सभ्य माणसं. गाडी बाजारात लागली. एकही बाई पुढे येईना. संध्याकाळी अकराजण परत गेले, तोंडं पाडून. योरिस तालुक्याला धावला, साहेबांना आणतो म्हणाला. जाबा एकटा मागे राहिला, कडुनिंबाखाली, आपल्या अकरा पेट्या घेऊन. हट्टी म्हातारा! तीन दिवस. तिसऱ्या दिवशी बसल्या जागीच गेला. सत्तरीचा होता, ऊन होतं, डॉक्टर म्हणाले हृदय. माझा काय संबंध? मी तर त्याला पाहिलंसुद्धा नाही. आपला एकेक टोमॅटो सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, पुसून परत रचायचा, वरचे खाली, खालचे वर—

कुणी सांगितलं म्हणजे? लोक सांगतात. बाजार आहे, लोक बोलतात.

बरं. गेले होते. पहिल्या दिवशी दुपारी, डोक्यावरून कापड घेऊन, एकदाच. बघायला, की माझ्याशी भांडायला कोण आलंय. तर हा बसलेला, हडकुळा, शांत. मला म्हणाला, “ये आई, उन्हात का उभी?” सरकून आपल्या सावलीत जागा केली, स्वतः उन्हात गेला. एक टोमॅटो निवडून पुसला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. “चाखून बघ, आई.” मी खाल्ला. गोड होता. तिथंच उभं राहून खाल्ला सगळा, तोंड पुसलं आणि आले निघून. त्याला कुठं ठाऊक होतं मी कोण! मी एक शब्द टाकला असता तर—तेवढंच राहतं बघ डोक्यात. आता दोन वर्षं मी टोमॅटो तोंडात घालत नाही. टोमॅटोची राणी! सुना हसतात. कडुनिंबाखाली मी कुणाला बसू देत नाही, म्हणतात राणीला वेड लागलं. पहाटे पेट्या उघडतात ना, त्या वासाबरोबर मला तो “ये आई” ऐकू येतो. चाळीस बायांच्या गलक्यात नेमका तेवढाच.

काय? पुन्हा सांग. कोण म्हणतं—ताचिवा? दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन आली होती ती बापाकडे, बरं, मग? घरी चला म्हणाली, आणि तो...

मला ओळखलं होतं त्यानं?

“राणीनं माझ्या हातचं खाल्लं, आता गाडीला पाळी मिळेल.” असं म्हणाला? याच शब्दांत? ...थांब. थांब जरा. आमच्यात आणलेलं चाखलं की झालं, पोरी. बाटली असो, फळ असो. राणीनं चाखलं म्हणजे मान्य केलं. मग माणसानं फक्त बसून राहायचं, आपल्याला हाक येईपर्यंत. उठून जायचं नाही, जाणं म्हणजे राणीचा अपमान. सगळ्या जगाला हे मी शिकवते. मीच शिकवते. आणि मी त्याला हट्टी म्हणत होते. माझ्या हाकेसाठी बसला होता तो. तीन दिवस, माझ्या हाकेसाठी.

ती कुठे आहे? बाहेर? माझ्या दारात, उन्हात? नाही—आत नको आणूस. तिला म्हणावं, पहाटे ये, आठात पहिली गाडी तुझी, दर बाजाराला. माझ्या बायांतल्या अफ्रियेला सांगते, ती उतरवून घेईल. मी नसेन. माझ्यापुढे काही धरू नकोस म्हणावं, एक फळसुद्धा नको.

माझ्याकडे काय बघतेस? मिळालं ना हवं होतं ते? जा. जा म्हटलं ना. ती उन्हात उभी आहे.