फादरांच्या वर्गाची मटकी

ऐका, एकदा माझ्या हातून फादरांचा अख्खा धडाच शिजला. हे फादर नागपूरकडचे, अधारतालला आमच्या शेजारीच राहतात. पाद्री होणाऱ्या मुलांना निसर्गाचं तत्त्वज्ञान शिकवतात. बीजात झाड होण्याची शक्यता कशी लपलेली असते, ते वर्गात दाखवायला त्यांना मोड आलेली मटकी पाहिजे होती. माझी नात जुही बॉटनी शिकते, तिने ती आमच्याच स्वयंपाकघरात फडक्यात बांधून ठेवली. मला कोणी सांगितलंच नाही. मोड छान आलेले दिसले, मी उसळ करून टाकली.

फादर न्यायला आले, तेव्हा वर्गाला अर्धा तास होता. जुही रडकुंडीला आली. "आजी, काहून शिजवली? उष्णतेनं पेशी मेल्या, आता यातून झाड होणारच नाही!"

फादरांनी कढईत पाहिलं. "पेशी कशा मेल्या ते तुझं विज्ञान बरोबर सांगते, जुही. पण द्रव्य तेच राहते आणि रूप बदलते, हा माझा पुढचा धडा आहे. तोच आज घेतो."

"म्हणजे काय, फादर?" मी विचारलं.

"म्हणजे आजी, मटकीची उसळ झाली, आता उसळीचा माणूस होईल."

"अच्छा, मग वरून लिंबू पिळा," म्हणत मी डबा भरून दिला.

संध्याकाळी ते रिकामा डबा परत द्यायला आले. मी विचारलं, "समजलं का पोरांना?"

"मी तर नीट शिकवलं, आजी. पण सगळेच म्हणून राहिले, काही समजलं नाही, उद्या पुन्हा दाखवा."